ज्याचा सिनेमा, त्याचा खर्च

या वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी आमच्या वाडीत सिनेमा झाला. खाण्याचा खर्च एक हजार सहाशे चाळीस रुपये. हजर पाच जण: मी, माझी बायको, मंडप-डेकोरेशनचा धंदा असलेला माझा ख्रिस्ती मित्र, गणिताचे निवृत्त शिक्षक ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, आणि जूचंद्रला राहणारा तो. त्याला मी इथे ‘तो’च म्हणेन. मनातही बरेच महिने तेच म्हणत होतो.

आम्ही चौघं पाच वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतो आहोत. पडदा आणि प्रोजेक्टर मित्राचा. लग्नसराईत दोन्ही कामाला जातात, मग त्या महिन्याला सुट्टी. घराच्या मागे दोन पोफळींच्या मध्ये, पावसाळ्यात पडवीत, पडदा ताणायचा आणि अंधार पडला की सुरू करायचं, कारण सरांना नऊच्या आत जेवण लागतं आणि नऊनंतर डास आम्हाला जेवतात. आम्ही बघतो ते सिनेमे एका खास जातीचे. आले तेव्हा आपटलेले, पेपरवाल्यांनी धुतलेले, आणि तरीही कुठेतरी चार माणसांनी जन्मभर उराशी धरलेले. हल्ली याला कल्ट म्हणतात. सरांची व्याख्या मला जास्त पटते. ते म्हणतात, “जो आवडतो हे मुलगी बघायला गेल्यावर सांगता येत नाही, तो कल्ट.”

नियम दोन. ज्याची पाळी त्याने सिनेमा निवडायचा आणि त्या दिवशीच्या खाण्याचे पैसे भरायचे. हा नियम झाला तो कुणी फुकटात काहीही माथी मारू नये म्हणून. पण हळूहळू त्याला वेगळाच अर्थ आला. ज्याने पैसे भरले त्याच्या नावावर तो सिनेमा चढायचा. मित्राचा तो डाकूंचा, सरांचा तो नागिणीचा, बायकोचा तो जुळ्या सवतींचा. सिनेमा चांगला निघाला तर वर्षभर त्या माणसाची कॉलर ताठ. दुसरा नियम असा, की ज्याचा सिनेमा त्याने शेवटी बोलायचं. आधी बाकीच्यांचं मुकाट ऐकून घ्यायचं. प्रत्येकाने दहापैकी मार्कही द्यायचे.

या मंडळात माझी एक जागा होती. मी सातिवलीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशोब बघतो. जुळत नाही ते मला आधी दिसतं. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नऊ बार निघाले, नायिकेच्या घरातलं घड्याळ तीन दिवस दहा वाजून दहा मिनिटंच दाखवत होतं, असं मी सांगू लागलो की सगळे हसून लोळायचे. सिनेमा संपला की मित्र म्हणायचा, “चला, ऑडिट रिपोर्ट येऊ द्या.” मला ते आवडायचं. साध्या माणसाला कुणी आपली वाट बघतंय असं वाटणं पुरतं.

गेल्या ऑगस्टमध्ये सर त्याला घेऊन आले. तो मूळचा सांगलीकडचा. विमा कंपनीत नोकरी, वय अडतीस, जूचंद्रला नव्या इमारतीत फ्लॅट. मला तो काका म्हणतो आणि माझ्या बायकोला वहिनी. हे नातं कुठल्या हिशोबात बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी मित्राचा डाकूंचा सिनेमा पुन्हा लावला होता. मी अकरा चुका सांगितल्या, हशा झाला. मग तो म्हणाला, “मला तो स्वयंपाकी आवडला.”

“कुठला स्वयंपाकी?” मित्राने विचारलं.

“टोळीतला. पोलीस येतात, सगळे बंदुका घेऊन धावतात. तो आधी चुलीतली लाकडं बाहेर ओढतो, पाणी मारतो, आणि मग पळतो. इतकी वर्षं जंगलात राहिलेला माणूस, आग तशीच टाकून कसा जाईल?”

आम्ही तो सिनेमा तिसऱ्यांदा बघत होतो. त्यात स्वयंपाकी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. माझी बायको म्हणाली, “खरंच की!” लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मला उद्देशून तिने कधी “खरंच की” म्हटल्याचं आठवत नाही. मला ती म्हणते, “असेल.”

त्यानंतर दर महिन्याला हेच. मी चुका सांगायचो, लोक हसायचे, पण हसताना मान त्याच्याकडे वळलेली असायची. एकदा तर मित्र म्हणाला, “ऑडिट जरा लवकर उरक हां, मला ह्याचं ऐकायचंय.” चेष्टेतच म्हणाला. मी लवकर उरकलं आणि त्या दिवशी कोंबडीचं शेवटचं तंगडं त्याच्या ताटात जाऊ नये म्हणून स्वतः खाल्लं. भूक नव्हती.

डिसेंबरच्या बैठकीत पाळी ठरत होती. जानेवारी त्याचा होता. तो म्हणाला, “एक भुताचा सिनेमा आहे. आपल्या राजोडीलाच शूटिंग झालंय. कुणाला माहीत नसेल.” आणि त्याने नाव सांगितलं.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

तो सिनेमा माझा होता. आता हे कुठल्या अर्थाने, ते सांगायला हवं. मी अकरा वर्षांचा असताना एक कंपनी राजोडीच्या किनाऱ्यावर आली. पैसे थोडे, म्हणून रात्रीचे प्रसंग भर दुपारी, कॅमेऱ्यापुढे निळी काच धरून घ्यायचे. त्यांना एक बैलगाडी हवी होती. गावात तेव्हा दोनच उरल्या होत्या, त्यातली एक आमची. केळी आणि पानं स्टेशनला न्यायला बाबा ती चालवायचे. दोन दिवसांचे पंचाहत्तर रुपये ठरले. सिनेमात हिरो गाडीतून सुरूच्या बनाशी येतो, उतरतो आणि चालू लागतो. गाडीवान म्हणजे माझे बाबा. तोंड दिसत नाही. पाठ, टोपी आणि कासरा धरलेला हात दिसतो. एकूण चौदा सेकंद.

सिनेमा लागला तेव्हा बाबा मला घेऊन गेले. गाडीचा प्रसंग झाला आणि ते उठले. म्हणाले, “चल, आपलं झालं.” हिरो बनात शिरलेला, भूत अजून यायचं होतं, आणि आम्ही बाहेर येऊन भजी खात होतो. सिनेमात पुढे काय झालं ते मला पुढची वीस वर्षं माहीत नव्हतं. थिएटरातून तो दुसऱ्याच आठवड्यात उतरला.

मग एका दुपारी तो केबलवर लागला आणि मी तो कॅसेटवर उतरवून घेतला. पुढे त्याची सीडी केली, सीडीची फाइल केली. चित्र फाटकं, रंग उडालेले, आणि केबलवाल्याने खाली गावातल्या एका साडीच्या दुकानाच्या जाहिरातीची रुंद पट्टी सरकत ठेवलेली. पण बाबा त्यात होते. आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्येही ते आहेत, पण तिथे फेटा घालून हात जोडून फोटोसारखे उभे. काम करताना ते फक्त इथे आहेत. ते गेले त्याला सोळा वर्षं झाली. मी ते चौदा सेकंद किती वेळा बघितले ते मात्र मोजलेलं नाही.

मंडळात हा सिनेमा दाखवायचा हे माझं पहिल्यापासून ठरलेलं. दहा-बारा वेळा माझी पाळी आली आणि दर वेळी मी दुसराच लावला. एक तर प्रत खराब. दुसरं म्हणजे हे लोक हसणार, हे पक्कं. हसायला माझी हरकत नव्हती, त्या चौदा सेकंदांत कुणी हसलं तर मात्र काय करायचं ते ठरत नव्हतं. म्हणून मी कुणाला काही सांगितलंही नव्हतं. चांगली प्रत मिळाली की लावू, असं म्हणत राहिलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, तेव्हाच सांगायचं ना. बाबा आहेत त्यात म्हणून.”

“आता काय सांगू? त्याने नाव घेतलं. सिनेमा त्याचा झाला.”

“असा कुणाचा होतो का सिनेमा?”

“आपल्याकडे होतो.”

“मग त्याला सांगा, पाळी बदलून घ्या. देईल तो. चांगला आहे.”

तो चांगला आहे हीच तर अडचण होती. त्याने पाळी दिली असती, वर “काका, तुम्हीच दाखवा” म्हणाला असता, आणि माझ्या बाबांचा सिनेमा मला त्याच्या उपकारात मिळाला असता. मी बायकोला बजावलं, तू यातलं काही बोलायचं नाही. ती म्हणाली, “बरं.” तिच्या “बरं”वर मी सहसा भिस्त ठेवत नाही, पण दुसरा इलाज नव्हता.

दुसरा शनिवार आला. खाणं शेजारच्या बाईंकडून. नाताळात तळतात ते पावासारखे गोल फुगे, कोंबडीचा रस्सा, सरांसाठी वालाची उसळ, वर सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी. थंडी चांगली होती. त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर पहिलं चित्र उमटलं तेव्हाच मला कळलं, की ही प्रत वेगळी आहे. रंग जागेवर. पट्टी नाही. वाळूवरच्या खेकड्यांची भोकंसुद्धा दिसत होती. इतकी वर्षं मी शोधली ती प्रत जूचंद्रच्या एका फ्लॅटमध्ये होती.

सिनेमा मात्र तसाच होता. मध्यरात्र सांगतात आणि झाडांच्या सावल्या वाळूवर चाकूने कापल्यासारख्या. भुताने पांढरी साडी नेसलेली आणि हातावर घड्याळाच्या पट्ट्याची न रापलेली गोरी खूण उठलेली. मंडळी पोट धरून हसत होती. मीही हसलो, तोंडदेखलं. गाडी येणार हे पार्श्वसंगीतावरून मला आधीच कळतं. मी वळून लोकांची तोंडं बघू लागलो. मित्र फुगा तोडत होता. सर चष्मा पुसत होते. बायको पडद्याकडे. तो पुढे वाकून, हनुवटीखाली मूठ धरून बसलेला. कुणी हसलं नाही. मी पुन्हा पडद्याकडे बघेपर्यंत हिरो सुरूच्या बनात शिरला होता.

सिनेमा संपला. बोलणं सुरू झालं.

मित्र म्हणाला, “अरे बाबा, ही चेटकीण आहे की नवरी? एवढं सोनं घालून भूत झाली, तर आधी चोर मागे लागतील. सात मार्क. भुताच्या चपलांसाठी एक वेगळा.”

“भुताला चपला होत्या?” सरांनी विचारलं.

“वाळू तापलेली ना सर, दुपारची! दे धावतेय चपला सावरत!”

सरांनी सहा दिले. म्हणाले, कथेत सिद्धता नाही, पण शेवटी उत्तर बरोबर येतं. बायकोने आठ दिले आणि का ते सांगितलं नाही. मग माझी पाळी.

मी ठरवून आलो होतो की थोडंच बोलायचं. पण समोर तो मान किंचित कलती करून, आदराने माझं ऐकायला बसला होता, आणि ती स्वच्छ प्रत त्याची होती, आणि पैसे तो भरणार होता. माझ्या तोंडून एकेक निघू लागलं. सावल्या सांगितल्या. घड्याळाचा पट्टा सांगितला. समुद्रावर चमकणारं ऊन सांगितलं. हिरोच्या शर्टाची बटणं दोनची तीन होतात ते सांगितलं. असला सिनेमा शोधून आणायला वेगळी नजर लागते, असंही म्हणालो. “चार,” मी म्हणालो. “दहात चार. तेही राजोडीचे म्हणून.”

मित्र हसला, पण पूर्वीसारखा नाही. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

आता तो. तो म्हणाला, “काकांचं सगळं बरोबर आहे. सिनेमा म्हणून काही नाही यात. मी दाखवला तो फक्त एका माणसासाठी.”

“त्या भुतासाठी?” मित्र म्हणाला.

“नाही हो. गाडीवान. हिरोला सोडायला येतो बघा तो. अख्ख्या सिनेमात एकटा माणूस असा आहे, जो अभिनय करत नाही. वाट उताराची आहे. गाडी थांबल्या थांबल्या तो खाली उतरतो, बाजूला झावळीचा जाडा बुंधा पडलाय तो पायानं चाकाखाली सरकवतो. खाली बघतसुद्धा नाही. मग बैलाच्या मानेवर हात ठेवतो, आणि मगच हिरोला मानेनं सांगतो, उतर. हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार. सांगितलं असतं तर त्यानं कॅमेऱ्याकडे बघून केलं असतं. आमच्याकडे आजोबा असंच करायचे, धोंडा लावायचे. मी कॉलेजात असताना पहिल्यांदा बघितला हा सिनेमा, तेव्हापासून तेवढंच बघायला लावतो.”

बाबा पायाने झावळी सरकवतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या प्रतीत तिथे साडीच्या दुकानाची पट्टी होती. वीस-बावीस वर्षं माझ्या बापाच्या पायांवर सेलची जाहिरात सरकत होती. आणि आज पाय उघडे झाले, तेव्हा मी इतरांची तोंडं बघत बसलो होतो.

“ते माझे सासरे,” बायको म्हणाली.

“कोण?” सर म्हणाले.

“तो गाडीवान. यांचे वडील. गाडी आमचीच होती.”

मित्राने माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. “साल्या, सख्ख्या बापाला दहात चार?”

“सिनेमाला दिले,” मी म्हणालो.

“बाप काय सिनेमाच्या बाहेर उभा होता?”

सरसुद्धा हसले. तो मात्र हसला नाही. तो उठून उभा राहिला होता, वर्गात मास्तर आल्यावर उठतात तसा. “काका, तुम्ही बोलला नाहीत. मी काहीतरी बोलून गेलो.”

“तू बरोबर बोललास,” मी म्हणालो. हे म्हणताना मला किती त्रास झाला ते मलाच ठाऊक. तो काही चुकीचं बोलला असता तर मी त्याला दुरुस्त केलं असतं. बाबांविषयी त्याची एक तरी चूक निघायला हवी होती. बैलाचं नाव मला माहीत होतं, टोपी कुठून घेतली ते माहीत होतं, पंचाहत्तरपैकी पाच रुपये मुकादमाने कापले तेही माहीत होतं. पण त्यातलं पडद्यावर काहीच नव्हतं. पडद्यावर होतं ते त्याला दिसलं होतं.

मित्राने न विचारता सिनेमा मागे नेला. गाडी पुन्हा आली. या वेळी मी पडद्यापासून हात-दीड हातावर उभा होतो. बाबा उतरले. डावा पाय लांब झाला, बुंधा सरकला, टाच एकदा दाबून बघितली. हात बैलाच्या मानेवर. ती टाच दाबणं त्याने सांगितलं नव्हतं. मी वळून म्हणालो, “टाचेनं दाबून बघतात. ते सुटलं तुझ्याकडून.”

“हो काका,” तो म्हणाला. “तेही आहे.” त्याला ते आधीच माहीत होतं, हे त्याच्या आवाजावरून कळलं. माझी समजूत राखायला गप्प बसला होता. मला ते आणखीच लागलं.

शेजारच्या बाई भांडी न्यायला आल्या. मी खिशात हात घातला. त्यानेही घातला. मी म्हणालो, आजचे मी देतो. तो म्हणाला, खरं तर तुमचाच सिनेमा आहे काका, द्या. सर मध्ये पडले. “नियम आहे,” ते म्हणाले. “यानं निवडला, याच्या नावावर. बाप कुणाचाही असो.”

“सर, असं काय करता?” बायको म्हणाली.

“मी गणित शिकवलंय. अपवाद करायला मराठी शिकवणारे वेगळे असतात.”

मला मनातून सर बरोबर वाटले. माझ्यावर वेळ आली म्हणून नियम बदलला असता तर तो मलाच पुढे टोचला असता. मी हात खिशातून रिकामा काढला. त्याने बाईंच्या हातावर एक हजार सहाशे चाळीस ठेवले. बाई पैसे मोजून म्हणाल्या, “कसला पिक्चर व्हता?” मित्र म्हणाला, “भुताचा.” त्या म्हणाल्या, “मंग एवढं पानी का आलंय सगल्यांच्या डोल्यात?” आणि भांडी घेऊन गेल्या. सगळ्यांच्या काही नव्हतं. बायकोच्या होतं.

तो निघताना मी त्याला फाटकाशी गाठलं. ही प्रत कुठून आणली ते विचारलं. जुनी रिळं धुंडाळणाऱ्या एका माणसाकडून, तो म्हणाला. कितीला, मी विचारलं. तो टाळू लागला. मी सोडलं नाही. आठशेला. मी आठशे काढले आणि म्हणालो, ही मला विकत दे.

“विकत कशाला काका, कॉपी करून देतो. पेन ड्राइव्हच ठेवा.”

“फुकट नको.”

“अहो, तुमच्या वडिलांच्या सिनेमाचे पैसे मी तुमच्याकडून कसे घेऊ?”

“पूर्ण आठशे घे आणि तुझ्याकडची काढून टाक,” हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी तसं म्हणालो नाही, पण पैसे पुढे धरूनच उभा राहिलो. त्याला ते समजलं असावं. कुणाच्या मनात काय आहे हे त्याला समजतं, आणि म्हणूनच तो मला आवडत नाही. त्याने माझ्या हातातल्या नोटांकडे बघितलं, मग हळूच म्हणाला, “काका, मलाही ठेवायचाय तो. आजोबांचा एकही फोटो नाही आमच्याकडे.”

त्याने आठशेतले चारशे घेतले आणि चारशे पेन ड्राइव्हसकट माझ्या मुठीत परत ठेवले. फुग्यांचे पैसे त्याने बाईंना दिले होतेच. मी दिले ते एवढेच, त्या प्रतीचे अर्धे, चारशे रुपये, त्याला.